ब्रश पॅक ढीगभर, तरी चित्र मळकटच: पोताचं माप कसं धरायचं

लाखांदूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तिच्याकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, छोटा पेन टॅबलेट आणि कृता हे चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांच्या सीझनसाठी ओळखीच्या एका नाटक मंडळीचं पोस्टर तिला करायला मिळालंय, शिवाय मुलांच्या गोष्टींची काही चित्रंही. तिनं नेटवरून ढीगभर ब्रश पॅक आणि कागदाचे टेक्स्चर, म्हणजे पोताचे फोटो, उतरवलेत. पण जाहिरातीत दिसतो तसा ब्रश तिच्याकडे उमटत नाही. कागदाचं टेक्स्चर वर टाकलं की चित्र मळकट होतं. छापून आलं की पोत एक तर गायब असतो, नाही तर डाग पडल्यासारखा दिसतो. आणि शेवटी विचारते, ‘दादा, कोणता पॅक विकत घेऊ?’

विकत काही घेऊ नको, निदान या सीझनला तरी. पहिली तक्रार फाइलच्या प्रकाराची आहे, ती दहा मिनिटांत सुटेल. मळकटपणा वरच्या कागदाच्या रंगाचा आहे, छपाईतली गडबड मापाची. पोताचा दाणा किती पिक्सेलचा, कॅनव्हास केवढा, छपाई केवढी आणि बघणारा किती लांब उभा, यांचा मेळ बसला नाही तर जगातला सगळ्यात महाग पॅकही कामाचा नाही.

फाइलचं आधी उरकू. तुझ्या यादीत बहुतेक .एबीआर फाइली दिसतात. हा फोटोशॉपचा ब्रश. त्यात एक असतं ब्रशचं टोक, म्हणजे छोटं काळं-पांढरं चित्र. दुसऱ्या असतात ते टोक वापरायच्या सूचना: ठसे किती अंतरावर पडावेत, पेन दाबल्यावर काय वाढावं, टोक फिरावं की नाही, आत कोणता कागद धरावा, जोडीला दुसरा ब्रश आहे का. कृता .एबीआर उघडतं तेव्हा फक्त टोकं उचलतं, सूचना मागेच राहतात. गिंप या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरचंही तेच. म्हणून जाहिरातीत कोळशाची रेघ दिसते आणि तुझ्याकडे सुटे सुटे ठसे पडतात. पॅक खोटा नाही आणि तुझा लॅपटॉपही बिघडलेला नाही. प्रोक्रिएट पाचव्या आवृत्तीपासून .एबीआर घेतं आणि बऱ्याचशा सूचनाही सांभाळतं, पण ते आयपॅडवर चालतं. त्याचा तुला उपयोग नाही.

कृतासाठी शोधताना .बंडल किंवा .केपीपी या कृताच्याच फाइली शोध. बंडल आणायचं तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘मॅनेज रिसोर्स लायब्ररीज’ उघडून ‘इम्पोर्ट’ कर. तिथेच नको असलेलं बंडल बंदही करता येतं. पुसून टाकायची गरज नसते. तुझ्या लॅपटॉपवर हे आधी कर, कारण हजारभर प्रिसेट, म्हणजे सेटिंग्जसकट तयार ब्रश, चालू ठेवले की कृता उघडायलाच वेळ खातं. चालू ठेवायचे ते ब्रश एका टॅगखाली जमव आणि चित्र काढताना तेवढाच टॅग समोर ठेव. एका चित्राला पाच-सहा ब्रश पुरतात. त्याहून जास्त लागले तर बहुतेक वेळा चित्र अडलेलं असतं आणि आपण ब्रश बदलून वेळ काढत असतो.

हाताशी आलेले .एबीआर वाया घालवायचे नसतील तर त्यांची टोकं वापर. कृताचाच एखादा कोळशाचा प्रिसेट निवड. एफ५ दाबलं की ब्रश एडिटर उघडतो. टोकाच्या भागात ‘प्रिडिफाइन्ड’वर जा आणि आणलेलं टोक ठेव. मग ‘रोटेशन’ चालू करून त्याला ‘फझी डॅब’ लाव, म्हणजे प्रत्येक ठसा थोडा वेगळा फिरून पडतो आणि तोच तो आकार रेघेत पुन्हा पुन्हा ओळखू येत नाही. ‘स्पेसिंग’ ०.१ च्या आसपास ठेवून बघ. ०.०२ वगैरे केलंस आणि टोक हजार पिक्सेलचं असेल, तर रेघ हाताच्या मागून फरपटत येईल. जमलं की नवीन नावानं सेव्ह कर, मूळ प्रिसेटवर नको. रेघ जाड-बारीक होतच नसेल तर ब्रशला दोष देण्याआधी ‘कॉन्फिगर कृता’मध्ये टॅबलेट सेटिंग्ज बघ. तिथे ‘विंडोज इंक’ आणि ‘विनटॅब’ असे दोन पर्याय असतात. एकावर पेनचा दाब येत नसेल तर दुसरा निवड आणि कृता बंद करून पुन्हा उघड.

आता पोताकडे येऊ. खरा खेळ इथेच आहे.

खडबडीत कागदाला उंचवटे असतात आणि खड्डे असतात. कोळसा, खडू, पेन्सिल उंचवट्यांवर घासते, खड्डे कोरे राहतात. जलरंगाचं उलट आहे. पाणी सुकताना जड रंगकण खड्ड्यांत जाऊन बसतात, अल्ट्रामरिन निळ्यात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. डिजिटल ब्रशमधला कागदाचा पॅटर्न एखाद्या चाळणीचं काम करतो, कुठे रंग जाऊ द्यायचा आणि कुठे अडवायचा ते ठरवतो. त्यामुळे एकच पॅटर्न कोळशाच्या ब्रशला सरळ आणि जलरंगाच्या ब्रशला उलटा लावायचा असतो. कृताच्या ब्रश एडिटरमध्ये ‘टेक्स्चर’ विभागात उलटं करायची सोय आहे. उतरवलेल्या पॅकमध्ये हे कुणी सांगत नाही, आणि जलरंगाचा ब्रश खडूसारखा का दिसतो म्हणून लोक डोकं धरून बसतात.

पॅटर्न कॅनव्हासला चिकटलेला हवा, ही दुसरी गोष्ट. एकाच जागेवरून दोनदा ब्रश फिरवला तर दोन्ही वेळा तेच खड्डे कोरे राहिले पाहिजेत, तेव्हा डोळ्याला खाली कागद आहे असं वाटतं. पोत ब्रशबरोबर सरकत गेला तर प्रत्येक फटक्यात नवा दाणा पडतो आणि दोन-चार थरांत सगळं भरून सपाट होतं. प्रोक्रिएटमध्ये याचे ‘टेक्स्चराइज्ड’ आणि ‘मूव्हिंग’ असे दोन प्रकार आहेत. फोटोशॉपमध्ये ‘टेक्स्चर इच टिप’ बंद ठेवावं लागतं. कृतात पॅटर्न मुळातच कॅनव्हासला धरून असतो, फक्त ऑफसेट रँडम करायचा पर्याय चालू राहिला नाही ना ते बघ.

एवढं समजलं की एक सवय आपोआप सुटेल. काढून झालेली आकृती लेयरवर मोठी-लहान करायची नाही. आकृती दीडपट केलीस की तिच्या अंगातला दाणाही दीडपट होतो, शेजारच्या झाडाचा मात्र तेवढाच राहतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण आकृती चिकटवलेली वाटते. कच्चं रेखाटन हवं तेवढं ताण-आखड, पण पोताचा ब्रश हातात घेतल्यावर आकार पक्का. खोडायचं असेल तर इ दाबून तोच ब्रश खोडरबर म्हणून वापर, गुळगुळीत गोल रबर नको. नाही तर खोडलेल्या कडा लगेच चहाडी करतात.

आता मापाचा हिशोब. समज, पॅटर्नमधला एक दाणा ६ पिक्सेलचा आहे. ए४ कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो, म्हणजे हा दाणा छापल्यावर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पडेल. जलरंगाच्या कागदाला शोभेल असा. तोच ब्रश, तीच सेटिंग्ज घेऊन तू फोनवर टाकायला १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र काढलंस, तर चित्राच्या मानानं दाणा सव्वादोन पट मोठा दिसेल. चेहरा काढलास तर देवीचे व्रण वाटतील. पॅक विकणाऱ्यानं नमुना कुठल्या मापाच्या कॅनव्हासवर काढला ते तो बहुधा सांगत नाही. म्हणून ब्रश आणला की पहिल्यांदा आपल्या कॅनव्हासवर १०० टक्के झूमला दोन फटके मार, दाणा किती पिक्सेलचा पडतो ते मोज आणि पॅटर्नचा ‘स्केल’ त्यानुसार बदल. पन्नास टक्के झूमवर पोत जोखू नकोस. स्क्रीन पिक्सेल गाळून दाखवते आणि दाणा खोटा दिसतो.

टेक्स्चर टाइलचंही असंच, म्हणजे शेजारी शेजारी पसरत जाणाऱ्या चौकोनी तुकड्याचं. ५१२ पिक्सेलची टाइल ए४ वर आडवी जवळपास पाचदा आणि उभी सातदा येते. तिच्यात एखादा ठळक डाग असेल तर तो रांगेनं दिसतो, फरशी घातल्यासारखा. २०४८ च्या खाली टाइल घेऊ नकोस.

मळकटपणाचं कारण मात्र वेगळं आहे, आणि त्याला आकडे आहेत. तू कागदाचा फोटो वरच्या लेयरला ठेवून ‘मल्टिप्लाय’ करतेस, म्हणजे वरचा रंग खालच्या रंगाशी गुणला जातो. मल्टिप्लायमध्ये फक्त शुद्ध पांढरं, म्हणजे ० ते २५५ च्या मापात २५५, खालच्या रंगाला हात लावत नाही. फोटोतला ‘पांढरा’ कागद तसा कधीच नसतो. समज, त्याची सरासरी लाल २३५, हिरवा २२५, निळा १९५ आहे, जुन्या कागदाला असते तशी. म्हणजे तुझ्या चित्रातला निळा सगळीकडे जवळपास २४ टक्क्यांनी पडला, हिरवा १२ टक्क्यांनी, लाल ८ टक्क्यांनी. आकाश हिरवट-करडं, कातडी पिवळी, सगळं चहा सांडल्यासारखं. पोत हवा होता, रंगाचा पडदा सोबत फुकट आला.

यावर दोन उपाय आहेत. एक, टेक्स्चरचा रंग काढून टाक आणि ‘लेव्हल्स’मध्ये पांढऱ्याचा बाण डावीकडे आणत जा, कागदाची सपाट जागा पूर्ण पांढरी होईपर्यंत. आता फक्त खड्ड्यांच्या सावल्या उरल्या. हा लेयर मल्टिप्लायला २० ते ४० टक्के ठेव. दुसरा उपाय म्हणजे टेक्स्चरवर हाय पास फिल्टर मारायचा, तो पसरट उजेड-अंधार काढून बारीक फरक तेवढे ठेवतो. त्यानं सरासरी मधल्या करड्यावर, १२८ च्या आसपास येते. ‘ओव्हरले’ आणि ‘सॉफ्ट लाइट’ या मोडमध्ये मधला करडा निष्पाप असतो, काहीच बदलत नाही. फक्त दाण्याचा उजेड-अंधार चित्रावर उतरतो, रंग जागच्या जागी राहतात. मी स्वतः गोष्टीच्या चित्रांना सॉफ्ट लाइटच वापरतो. ओव्हरलेला रंग फार भडकतात.

पण ओव्हरले-सॉफ्ट लाइट शुद्ध पांढऱ्यावर आणि शुद्ध काळ्यावर काहीच करत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कागद दिसावा असं वाटत असेल तर तिथे मल्टिप्लायच लागेल. काळ्यावर तर मल्टिप्लायही दिसत नाही. झाडीपट्टीच्या पोस्टरांना काळी रात्र आणि पिवळी अक्षरं फार आवडतात, म्हणून सांगतो: काळ्यात पोत हवाच असेल तर शुद्ध काळा वापरू नकोस. गडद निळा किंवा जळका तपकिरी घे, त्यात दाणा धरतो.

कागदाचा लेयर कृतात ‘फिल लेयर’ म्हणून पॅटर्नचा घातलास तर मूळ चित्राला धक्का लागत नाही, स्केल नंतरही बदलता येतो. आणि जमेल तेवढा ब्रशमधला पॅटर्न आणि वरचा कागद एकच ठेव. ब्रशमध्ये जाड दाण्याचा कागद आणि वर तागाच्या विणीचा, असं झालं की दोन जाळ्या एकमेकींत अडकतात. ब्रशमध्ये आधीच पोत असेल तर वरचा कागद अगदी हलका, किंवा नाहीच. बहुतेकांच्या चित्रात दोन्ही पूर्ण जोरात असतात.

पोस्टरवर कलावंतांचे फोटो असतील तर पोताचा लेयर फोटोंच्या खाली जाऊ दे. मंडळीचा मालक पोत वगैरे बघत नाही, तो सरळ म्हणतो, ‘हिरोइनच्या तोंडावर डाग कायचे आले बाप्पा?’ आणि त्याचं म्हणणं चूक नसतं. नाटकाच्या नावाची अक्षरंही स्वच्छ ठेव. पोत पार्श्वभूमीला आणि रंगवलेल्या आकृत्यांना पुरे.

आता पॅक कुठून आणायचे. माझं म्हणणं, कागद आणू नकोसच, बनव. तुझ्या अंगणात जे आहे ते कुणाच्या पॅकमध्ये मिळत नाही.

शेणानं सारवलेली भिंत घे. सकाळी ऊन तिरपं येतं तेव्हा बोटांच्या कमानी स्पष्ट उठतात. एकात एक गुंतलेल्या, जिथे हात थांबून वळला तिथे जाड आणि पुढे निवळत गेलेल्या. भरदुपारी ऊन डोक्यावर असतं, सावल्या आखडतात आणि तीच भिंत सपाट दिसते. फोन भिंतीला समांतर धर, फ्लॅश बंद. जवळून काढण्यापेक्षा चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूमनं काढ. जवळून काढलेल्या फोटोत कडा वाकतात. मग मधला चौकोन कापून २०४८ वर आण, रंग काढ आणि हाय पास मार. त्रिज्या दाण्यापेक्षा बरीच मोठी ठेव, ६० ते १०० पिक्सेल. लहान ठेवलीस तर कमानी पुसल्या जातील, बारीक खरखर तेवढी उरेल. हाय पासमुळे एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार हा उतारही जातो. नाही तर टाइल जोडली की पट्टे दिसतात.

मग डब्ल्यू दाब. कृतात तीच टाइल चहूकडे पसरलेली दिसते आणि सांधे कुठे आहेत ते कळतं. क्लोन ब्रशनं, म्हणजे शेजारचा भाग उचलून लावणाऱ्या ब्रशनं, सांधे बुजव. सारवणात कुटाराचे पांढरे तुकडे असतात. एकट्या फोटोत छान दिसतात, पण टाइलमध्ये तोच तुकडा तेवढ्याच अंतरावर पुन्हा पुन्हा डोळ्यात भरतो. ठळक तेवढे काढ, बारीक राहू दे. पीएनजी म्हणून सेव्ह करून पॅटर्न म्हणून आण. गोष्टीतल्या घराची भिंत रंगवताना हा पॅटर्न ब्रशमध्ये टाकून बघ. आणि उजेडाची बाजू लक्षात ठेव: फोटोत ऊन डावीकडून असेल तर चित्रातही डावीकडून असू दे, नाही तर खड्डे फुगवट्यासारखे दिसायला लागतात.

कॅमेऱ्याशिवायही होतं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तेच. पातळ कागद तट्ट्यावर, बारदान्यावर, सागाच्या पानाच्या मागच्या बाजूवर ठेव आणि काळा मेणखडू आडवा धरून हलक्या हातानं घास. हे सरळ काळं-पांढरंच येतं, उंचवटे काळे आणि खड्डे पांढरे. हाय पास वगैरे काही नको. सागाच्या पानाचा ठसा तर ब्रशच्या टोकालाही चालतो, जंगलाचा मागचा थर त्यानं पटकन उभा राहतो.

हातकागद मिळाला तर उत्तमच. आपल्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीतून जे ग्रामोद्योग वाढवले त्यात हातकागदही होता. १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय तिथे आजही आहे, कधी गेलीस तर वस्तूंचे पोत बघ. हातकागदात धागे मोकळे आणि वेडेवाकडे असतात, गिरणीच्या कागदासारखे एका दिशेला झोपलेले नसतात. म्हणून त्याची टाइल कमी ओळखू येते.

तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करणार असशील तर आधी सांग: ६०० डीपीआय, रंगीत, पीडीएफ नको, जेपीजी किंवा टिफ दे. ती मशीन मजकुरासाठी लावलेली असते आणि पार्श्वभूमी आपोआप पांढरी करते. आपल्याला हवा तो दाणाच ती ‘कचरा’ समजून धुऊन टाकते. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूनं येतो, म्हणून कागद एकदा उभा, एकदा आडवा ठेवून दोन स्कॅन घे आणि ज्यात दाणा उठतो तो ठेव.

तयारच उतरवायचं असेल तर अँबियंट सीजी आणि पॉली हेवन या साइटवरचे टेक्स्चर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी झिरो परवान्याचे आहेत, म्हणजे धंद्यातही वापरता येतात आणि श्रेय द्यायची सक्ती नाही. अँबियंट सीजीवर कागद, माती, कापड शोध. डाउनलोड करताना २के घे, ४के आणि ८के आपल्याकडच्या नेटवर उगाच रात्र घालवतात. झिपमध्ये एकाच कागदाच्या अनेक फाइली निघतात. त्यातली ‘डिस्प्लेसमेंट’ नावाची करडी फाइल टाकून देऊ नकोस. तो उंच-सखलपणाचा नकाशा असतो, त्यात सावलीची भेसळ नसते. ब्रशच्या पॅटर्नला रंगीत फोटोपेक्षा तीच चांगली.

ब्रश पॅकच्या बाबतीत परवान्याची ओळ वाचच. सीसी बाय असेल तर श्रेय द्यावं लागतं. एनसी असेल तर पैशाच्या कामाला चालत नाही, आणि मंडळीचं पोस्टर हे पैशाचं काम आहे. ब्रशनं काढलेलं चित्र सहसा तुझंच असतं, पण ब्रशची फाइल मैत्रिणीला पाठवणं वेगळं. कागदाच्या टेक्स्चरचं आणखी जपून, कारण तो फोटो तुझ्या चित्रात जसाच्या तसा उरतो. टेलिग्रामवर फिरणारे ‘सगळे ब्रश एकत्र’ वाले गठ्ठे मी उघडतही नाही. फोटोशॉपसाठीचे काईल वेबस्टरचे ब्रश त्यांत हमखास असतात. ते ॲडोबनं २०१७ मध्ये विकत घेतले आणि वर्गणीदारांना देते. .एबीआर किंवा .बंडलमध्ये नुसते ब्रश असतात, पण गठ्ठ्यात .ईएक्सई निघाली किंवा झिपला पासवर्ड असला तर हात लावू नकोस. ब्रशला इन्स्टॉलर लागत नाही.

छपाईचं शेवटी, कारण तुझ्या पोस्टरचं सगळं गणित तिथूनच मागे येतं. वडसा-देसाईगंजच्या बाजूला लागणारे फ्लेक्स साधारण १० बाय ८ फुटांचे धरू. फ्लेक्सला पूर्ण मापात ७२ डीपीआय पुरतात: ८६४० बाय ६९१२ पिक्सेल. अशा कॅनव्हासचा एक भरलेला लेयर जवळपास २४० एमबी रॅम खातो. तुझा लॅपटॉप तिथेच बसेल. म्हणून पाव मापात काढ, २१६० बाय १७२८. एक लेयर १५ एमबीचा, आरामात चालेल. झालं की लेयर एकत्र करून चौपट कर.

आणि इथे पोताला फायदाच होतो. वीस फुटांवरून माणसाच्या डोळ्याला दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही. फ्लेक्सवर एक पिक्सेल सुमारे ०.३५ मिलिमीटरचा. म्हणजे ३ पिक्सेलचा नाजूक दाणा रस्त्यावरून दिसणारच नाही, ठसठशीत दिसायला तो सेंटिमीटरभर, २५ ते ३० पिक्सेलचा हवा. पाव मापात ६-७ पिक्सेलच्या दाण्याचा ब्रश वापरलास की चौपट झाल्यावर तो बरोबर तेवढा होतो. मोठं करताना कडा मऊ पडतात, शेवटी थोडं शार्पन कर. अक्षरं आणि फोटो मात्र मोठं केल्यानंतर नव्यानं घाल, नाही तर फ्लेक्सवाला ‘फाटते’ म्हणून परत पाठवेल. तीच पाव मापाची फाइल थोडी काटछाट करून आडव्या ए५ हँडबिलालाही चालते, साधारण २६० डीपीआय पडतात आणि दाणा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा.

गोष्टीची चित्रं ऑफसेट छपाईला जाणार असतील तर १-२ पिक्सेलचा दाणा टाळ. छपाईत रंग ठिपक्यांच्या जाळीतून पडतो; ३०० डीपीआयला इंचाला १५० ओळींच्या जाळीचा एक ठिपका २ पिक्सेलचा असतो, दाणाही तेवढाच असला तर तो त्यात हरवतो किंवा लाटांसारखी नक्षी उमटते. ४-५ पिक्सेलच्या वर राहा. आणि सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, बदलण्याआधी लेयर एकत्र कर. सॉफ्ट लाइट आणि ओव्हरले स्क्रीनच्या आरजीबीत एक दिसतात, सीएमवायकेत वेगळे.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो पाठवला की आकार घटतो आणि दाबलाही जातो, आणि दाबताना पहिला बळी बारीक दाण्याचा जातो. छापून डाग पडल्यासारखा दिसतो म्हणालीस, त्यातला अर्धा दोष मला इथलाच वाटतो. दुकानात स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन जाता आलं तर बरंच, आणि पूर्ण फ्लेक्सच्या आधी फूटभर तुकडा पूर्ण मापात छापून मागून घे. तो भिंतीला लावून लांब जाऊन बघ.

यातून काही अडलं तर चित्राचा १०० टक्के झूमवरचा तुकडा, कॅनव्हासचं माप आणि छपाईचं माप, तिन्ही सोबत पाठव. नुसत्या स्क्रीनशॉटवरून दाण्याचं काही सांगता येत नाही.